लिनक्स बसवल्यावरची मांडामांड

आमच्या भागात नवे घर बांधून झाले की वास्तुशांत होते, पाहुणेरावळे जेवून जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या माणसांच्या ध्यानात येते की न्हाणीत पंचा टांगायला खुंटी नाही, देवाचा कोनाडा हाताला लागत नाही आणि स्वयंपाकघरातली फळी गवंड्याने स्वतःच्या उंचीच्या बेताने ठोकली आहे. घर कधी उभे राहिले याची तारीख सांगता येते. चौकटीवर कोरलेलीही असते. ते आपले कधी झाले, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला आणि या न लिहिलेल्या तारखांची चुटपुट मला कायम लागून राहिली. संगणकाच्या इतिहासातली अशीच एक मांडामांड मी थोडीफार डोळ्यांनी पाहिली आणि थोडीफार हातांनी केली. तिची हकीकत सांगतो. वाचकांपैकी जे या शास्त्रातले जाणकार आहेत त्यांनी माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसाचा धीटपणा पोटात घालावा.

१९९१ च्या ऑगस्ट महिन्यात हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातली साधने तिला येऊन मिळाली आणि लिनक्स उभे राहिले. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे निघाली. वितरण म्हणजे सगळे सुटे भाग एकत्र बांधून दिलेले गाठोडे. ते संगणकावर चढवता येई. पण चढवल्यावर समोर काय, तर काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. त्यापुढचे सगळे आपले आपण करायचे.

या प्रणालीची एक रीत इतिहासवाल्याला फार जवळची वाटते. तिच्या सगळ्या सेटिंगा साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेल्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक 'इटीसी' नावाच्या एकाच कप्प्यात ठेवलेल्या असतात. कुलकर्ण्याचे दप्तरच म्हणा ना! ज्याला वाचता येते त्याने रुमाल सोडावा आणि कागद पाहावा. पण वाचता येणारे थोडे. चित्रमय पडदा हवा असेल तर त्या काळी आपल्या मॉनिटरची आडवी आणि उभी कंपनसंख्या किती ते आकडे स्वतः लिहावे लागत. भलतेच आकडे लिहिले तर जुना मॉनिटर बिघडण्याचीही शक्यता असे आणि तसा इशारा माहितीपत्रकांत दिलेला असे. म्हणजे खुंटी ठोकायला जावे आणि भिंत कोसळावी, अशी गत.

तेव्हा हे दप्तर सामान्य माणसाला न उघडता दुरुस्त करता यावे, यासाठी मध्ये कोणी कारकून बसवावा ही कल्पना पुढे आली. तोच चित्रमय साधनाचा जन्म. खिडकी उघडायची, प्रश्नाला उत्तर द्यायचे, बटण दाबायचे. फाइल कोणती आणि ओळ कोणती ते कारकून पाहून घेईल. झाक जेलिना यांचे लिनक्सकॉन्फ, सुझे वितरणाचे यास्ट ही त्यांतली ठळक नावे. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी ट्यूबिंगेन विद्यापीठातल्या मातियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीई प्रकल्प पुकारला, तोही संगणक सांभाळणाऱ्या तज्ज्ञासाठी नव्हे तर वापरणाऱ्या माणसासाठी एकसारखा चित्रमय पडदा हवा, या मुद्द्यावर. पुढच्या वर्षी ग्नोम प्रकल्प सुरू झाला. १९९९ साली काल्डेरा कंपनीने आपल्या वितरणाला असा चित्रमय स्थापक दिला की फायली चढत असताना पडद्यावर टेट्रिससारखा ठोकळ्यांचा खेळ खेळत बसता येई. स्थापना अशी गंमतीची झाली. तरी स्थापनेनंतरच्या कामाचे घोंगडे भिजतच राहिले.

याचे एक कारण कारकुनातच होते. दप्तर एक आणि त्यात लिहिणारे हात दोन, म्हणजे कटकट आलीच. जाणत्या माणसाने हाताने फाइल सुधारावी, समासात टीप लिहावी. आणि मग कोणी खिडकीतले बटण दाबले की साधनाने आपल्याच समजुतीप्रमाणे सगळा कागद नव्याने लिहून काढावा. टीप गेली आणि दुरुस्तीही गेली. लिनक्सकॉन्फविषयी ही तक्रार जुन्या लोकांच्या तोंडून पुष्कळ ऐकू येई. रेड हॅटने पुढे ते बाजूला ठेवले आणि एकेका कामाची छोटी, वेगवेगळी साधने काढली. सगळ्या गावचा कारभार एकाच कारकुनाच्या हाती देऊ नये, हे आपल्याकडच्या वतनदारीचा इतिहास वाचलेल्याला वेगळे सांगायला नको.

आता आमच्या शाळेकडे येतो. २००६ साली पुण्यात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वापरलेले आठ संगणक आमच्या शाळेला दिले. यंत्रे आली, त्यांवरच्या प्रणालीचा परवाना विकत घेण्याएवढे पैसे संस्थेकडे नव्हते. त्याच सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थ्याने (तो तेव्हा बेळगावात डिप्लोमाला होता) उबंटूच्या तबकड्या मागवल्या. मार्क शटलवर्थ यांच्या कंपनीने उबंटू २००४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रथम प्रसिद्ध केले आणि पुढे कित्येक वर्षे, २०११ पर्यंत, मागेल त्याला तबकडी टपालाने फुकट पाठवली. टपालखर्चसुद्धा घेतला नाही! आमचे पोस्टमन ते परदेशी पाकीट घेऊन आले तेव्हा त्यांनी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिले आणि "पैसे काहीच भरायचे नाहीत?" असे दोनदा विचारले. मलाही तोच प्रश्न पडला होता.

तबकडी घातली, अर्ध्या-पाऊण तासात प्रणाली चढली. पडदा देखणा होता. मुले गोळा झाली. मग एकाने पाठ्यगीतांची सीडी आणली, ती एमपीथ्री स्वरूपातली होती, वाजेना. दुसऱ्याने शिवकालीन किल्ल्यांची चित्रफीत आणली, दिसेना. कन्नडच्या बाईंनी विचारले, "सर, इथं कन्नड कसं लिहायचं?" मला मराठीही लिहिता येत नव्हते, तर कन्नडचे काय सांगणार!

गाणी वाजत नव्हती यात उबंटूचा आळस नव्हता. एमपीथ्री या पद्धतीवर एकस्वे होती, त्यामुळे मुक्त वितरणे ती सोबत देण्याचे टाळीत. रेड हॅटनेही २००२ साली ती काढून टाकली होती. डीव्हीडीची कथा याहून बिकट. तिचे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध करण्यात हात असलेल्या यॉन योहानसन या नॉर्वेतल्या तरुणावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. तेव्हा वितरणकर्त्याने दाराशी थांबायचे आणि उंबऱ्याच्या आतले वापरणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर करायचे, अशी वाटणी झाली होती. म्हणून तर 'बसवल्यावर काय काय करावे' याच्या याद्या जगभर हातोहात फिरू लागल्या. ही आज्ञा टंका, मग ती आज्ञा टंका. आमच्या त्या विद्यार्थ्याकडे एक दोनशेपानी वही होती. तीत अशा आज्ञा त्याने सुवाच्य अक्षरात उतरवल्या होत्या. एक यंत्र मांडून व्हायला त्याचा अख्खा रविवार जाई. आठ यंत्रे म्हणजे आठ रविवार. त्यात एखादे अक्षर चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

यादी हाताने करण्यापेक्षा तिचीच खिडकी का करू नये, हा विचार जगात इतरांनाही सुचला होता. २००५ च्या आसपास ऑटोमॅटिक्स आणि इझीउबंटू ही साधने निघाली. खिडकीत चौकटींची रांग: गाण्यांचे कोडेक, फ्लॅश, डीव्हीडी, फाँट. हव्या त्या चौकटीत खूण करा, बटण दाबा, चहा पिऊन या. लोक खूश झाले. ऑटोमॅटिक्सला तर अफाट लोकप्रियता मिळाली. पण ही साधने सर्व काही इंटरनेटवरून उतरवून घेत आणि आमच्या शाळेत टेलिफोनच्या तारेवरून येणारे इंटरनेट श्रावणातल्या उन्हासारखे. म्हणून त्या मुलाने ठरवले की आपली खिडकी आपणच करायची आणि लागणारे सामान सीडीवर न्यायचे.

मी जवळ बसून पाहत असे. आश्चर्य याचे वाटले की खिडकी करणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग निघाला. ग्नोमसोबत झेनिटी नावाचे लहानसे साधन येते. त्याला एका ओळीत सांगितले की चौकटींची यादी पडद्यावर उमटते आणि कोणत्या चौकटींत खूण झाली ते ते परत कळवते. (मोठे काम असेल तर पायथॉन भाषा आणि जीटीके हा संच वापरतात.) त्या खुणांप्रमाणे वहीतल्या आज्ञा एकामागून एक चालवायच्या, एवढेच. पंधरा दिवसांत खिडकी तयार झाली. एका बटणात फाँट, एका बटणात गाणी, एका बटणात मराठी आणि कन्नड कीबोर्ड. मी खूश होऊन त्याला शाळेतर्फे पेन दिले.

पेन दिल्याला आठवडा झाला नसेल. तो चौथ्या यंत्रावर बटण दाबून उभा होता आणि वीज गेली. आमच्याकडे ती जातेच. वीज आली, यंत्र सुरू केले, तर चित्रमय पडदा येईना. पुन्हा तोच काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. कीबोर्डची मांडणी ज्या फाइलीत लिहायची त्याच फाइलीत पडद्याचीही माहिती होती, आणि ती अर्धी लिहून झालेली असताना वीज गेली होती. पाचव्या यंत्रावर वेगळीच तऱ्हा: एका मुलाने उत्साहाने बटण दोनदा दाबले, तर तोच मजकूर फाइलीत दोनदा जोडला गेला. मुलाचा चेहरा उतरला. "सर, वहीत असं कधी होत नव्हतं," तो म्हणाला. खरेच होते. वही वाचणारा माणूस ओळ आधीच लिहिलेली पाहतो तेव्हा थांबतो. बटणाला डोळे नसतात. ते आपण द्यावे लागतात.

मग पुढचे दोन महिने त्याने खिडकीला हातही लावला नाही. तिच्या पाठीमागचे काम केले. हे काम पडद्यावर कोणालाच दिसत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. फाइल बदलण्यापूर्वी तिची तारीखवार प्रत काढून ठेवायची. नवी फाइल जुन्या फाइलीवर न लिहिता शेजारी लिहायची, आणि ती पुरी झाल्यावरच नाव बदलून जुन्या जागी सरकवायची. म्हणजे मध्येच वीज गेली तरी एकतर जुनी फाइल अखंड राहते किंवा नवी, अर्धी मात्र कधीच नाही. जोडण्यापूर्वी ओळ आधीच आहे का पाहायचे. दुसरे कोणी साधन त्याच वेळी सामान चढवत असेल तर तिथे कुलूप लावलेले असते, ते तोडायचे नाही, वाट पाहायची. आणि प्रत्येक आज्ञा चालली की तिचा निकाल एका रोजनाम्यात लिहायचा. पेशवे दफ्तरातले रोजनिशीचे रुमाल मी त्याला कधीतरी वर्गात सांगितले होते, ते त्याला आठवले की हे त्याला आपोआप सुचले, ते मी विचारले नाही. गुरूने सगळेच श्रेय विचारून घेऊ नये.

नेमक्या याच गोष्टी पुढे जगजाहीर झाल्या. २००७ च्या ऑगस्टमध्ये मॅथ्यू गॅरेट या जाणकाराने ऑटोमॅटिक्सची तपासणी करून तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दुसरा सामान-व्यवस्थापक चालू असेल तर हे साधन त्याला आवराआवर करायलाही अवधी न देता ठार करते, आणि चढवताना एखादे जुने सामान काढून टाकावे लागणार असेल तर वापरणाऱ्याला न विचारता परस्पर 'हो' म्हणून मोकळे होते. पुढच्या आवृत्तीकडे जाताना प्रणाली मोडण्याचा धोका त्याने दाखवला. साधन करणाऱ्यांना ते लागले आणि २००८ साली ते काम बंद पडले. मला दोन्ही बाजूंचे पटते. ज्यांनी साधन केले त्यांनी हजारो लोकांचे रविवार वाचवले, तेही फुकट. पण दुसऱ्याच्या दप्तराला हात लावताना पूर्ण अधिकार मागून घेतले, म्हणजे हिशेबही पूर्ण द्यावा लागतो. (तो अहवाल आमच्या विद्यार्थ्याने मला छापून आणून दिला होता. आपल्याही पहिल्या खिडकीत यातली कोणती पापे होती त्यावर त्याने लाल पेनने खुणा केल्या होत्या. पेन मीच दिलेले.)

खिडकीवरचे शब्द हा आणखी एक घोळ. बटणावरचा मजकूर प्रोग्रॅममध्येच लिहून न टाकता गेटटेक्स्ट नावाच्या पद्धतीने तो वेगळ्या फाइलीत ठेवता येतो: वर मूळ वाक्य, खाली भाषांतर, भाषा तितक्या फायली. मराठी फाइल माझ्याकडे आली, कन्नड बाईंकडे. 'कॉन्फिगर'ला मी आधी 'संरूपण' लिहिले; मुलांना कळेना. मग 'मांडणी' लिहिले आणि भांडण मिटले. बाईंचीही तिकडे तीच झटापट चालली होती. खरी पंचाईत यादीच्या क्रमाची झाली. आधी मराठीची चौकट की आधी कन्नडची? हा प्रश्न पुण्यात कोणाला पडणार नाही. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवरून काय काय होते ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. संस्थेच्या बैठकीत एका ज्येष्ठांनी तो विषय काढलाच. मी म्हटले, वर्णानुक्रम लावू. दोन्ही लिप्यांत क आधी आणि म नंतर. दोन्ही चौकटींत आधीपासूनच खूण ठेवू. ज्येष्ठांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला.

त्या कीबोर्डविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट ही मांडणी ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती आली. तिची खुबी अशी की एका ध्वनीची जागा सर्व भारतीय लिप्यांत एकच. के या कळीवर मराठीत क उमटतो, कन्नड निवडली की त्याच कळीवर कन्नडचा क. हिंदीला परका आणि आपल्या दोन्ही भाषांना जिव्हाळ्याचा तो ळ दोन्हींकडे शिफ्टसह एन या एकाच कळीवर. 'वाऱ्या'तला र् लिहायला मराठीत शिफ्टसह जे ही कळ आणि मग हलंत लागतो. आणि कन्नड निवडून तीच कळ दाबली तर जुन्या कन्नडमधला, आता व्यवहारातून गेलेला, कठोर र उमटतो. तो मी आजवर शिलालेखांच्या ठशांतच पाहिला होता. माझे बोट त्या कळीवर किती वेळ तरी तसेच राहिले. आमच्या मुलांना हे सगळे सांगावे लागले नाही. मराठी टंकायला शिकलेली मुले कन्नडच्या तासाला आपोआप टंकू लागली.

जगात पुढे काय झाले ते थोडक्यात. एप्रिल २००७ च्या उबंटूत एखादे गाणे उघडले की लागणारा कोडेक चढवू का, असे प्रणालीच विचारू लागली. २०१० च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीपासून स्थापकातच त्याची चौकट आली. एमपीथ्रीची एकस्वे २०१७ पर्यंत संपली आणि तो प्रश्नच उरला नाही. भारतीय भाषांसाठी रेड हॅटचे लोहित फाँट मुक्त परवान्यावर मिळू लागले. त्यांचे बरेच काम पुण्यात झाले आहे. चीनमधल्या एका तरुणाने २००७ साली काढलेले उबंटू ट्वीक अनेक वर्षे चालले. २०११ साली ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्या कर्त्यांनी खिडकी लहान करण्याचे बटणसुद्धा काढून टाकले, अक्षरांचा आकार बदलण्याची सोयही लपवली. मग जॉन स्टोअर्स यांचे ट्वीक टूल निघाले आणि लोकांनी आपापल्या खुंट्या परत ठोकल्या. माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्याला अक्षरे मोठी करून देणारे ते साधन म्हणजे देवदूतच वाटले.

आमचे ते आठ संगणक केव्हाच भंगारात गेले. नवी यंत्रे आली, त्यांवर भाषा निवडायला आता खिडकीची गरज पडत नाही. ती दोनशेपानी वही माझ्या कपाटात आहे. बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की कन्नड फाइलीत 'रद्द करा'साठी त्यांनी जो शब्द घातला होता तो त्यांना तेव्हापासून खटकत होता, आणि एका चिठ्ठीवर दुसरा शब्द लिहून दिला. चिठ्ठी मी वहीत ठेवली आहे.